घोडी, वय अंदाजे नऊ

सोमवार, ५ फेब्रुवारी

नेमणुकीचं पत्र मिळालं. आजपासून मी पुएर्तो गुआमो नगरपालिकेचा प्राणी कल्याण अधिकारी. अतिरिक्त कार्यभार. जत्रेतल्या दुकानांच्या परवान्यांचं मूळ काम आहेच, पण ते कोणीही करू शकतं.

पत्र देताना सचिव मेलीदाबाई म्हणाल्या की कायदा होऊन दोन वर्षं झाली, तुमच्या गावात एकही जप्ती कशी नाही, असं वरून विचारलंय; तेव्हा कोणाचं तरी नाव टाकणं भाग होतं. म्हणजे निवड विचारपूर्वक झालेली आहे.

कायदा वाचला. जनावर ही वस्तू नव्हे, वेदना जाणणारा जीव आहे. फार सुंदर वाक्य. पाठ केलं. पुढची कलमं ताबा, निगा आणि जबाबदारी वगैरेची आहेत. ती उद्या.

रुबिएलाला पत्र दाखवलं. नवऱ्याची बढती म्हटल्यावर बायको काहीतरी गोड बोलेल असं वाटतं. ती म्हणाली, "तुम्ही? शेजारच्या कोंबडीला घाबरून मागच्या दाराने बाहेर पडता तुम्ही." हे अर्धसत्य आहे. मागच्या दाराने ऑफिस जवळ पडतं.

संकल्प: एका महिन्यात गावात एकही जनावर दुःखी दिसता कामा नये.

गुरुवार, ८ फेब्रुवारी

तीन दिवस फिरतोय. चमकणारं जॅकेट, शिट्टी, क्लिपबोर्ड. दुःखी जनावर नाही. एक कुत्रा संशयास्पद वाटला, पण तो झोपलेला निघाला. निष्कर्ष दोनच: गाव सुधारलं, किंवा मला घाबरलं.

ऊन फार. टाचा दुखतात. रस्त्यात लोक "काय डॉक्टर" म्हणून हाक मारतात. आमच्याकडे इस्त्रीचा शर्ट घालणाऱ्या कोणालाही डॉक्टर म्हणतात, पण जॅकेट घातल्यापासून त्यात खरा आदर ऐकू येतो.

मेलीदाबाईंनी विचारलं, झाली का जप्ती? सोमवारपर्यंत होते म्हणून सांगितलं.

सोमवार, १२ फेब्रुवारी. संध्याकाळी ६

झाली. गावाच्या इतिहासातली पहिली.

सकाळी नदीकाठी, वाळू काढतात तिथे. करडी घोडी. बरगड्या बाहेरून मोजता येतील इतकी हाडकुळी. पाठीला बाक, डोळ्यांवर खळगे. मालक एलादिओ तापिएरो, वय सत्तरच्या आसपास, धंदा गाड्यावरून वाळू वाहणे. शिट्टी वाजवली. दोन पोलीस सोबत होतेच.

आरोपी म्हणाला, "डॉक्टर, ती बारीक नाही हो, म्हातारी आहे." आरोपीकडे सबब तयार असतेच.

एक गोष्ट नोंदवून ठेवतो. गाड्याला घोडी जुंपलेली नव्हती. वाळूने भरलेला गाडा आरोपी स्वतः ओढत होता आणि घोडी मोकळी, त्याच्या मागून चालत होती. पोलिसांपैकी एक म्हणाला, मग यात छळ कुठला? त्याला समजावलं की हे पुरावा लपवण्याचं तंत्र आहे. मला येताना पाहून त्याने तिला सोडलं असणार. तो म्हणाला, एवढ्यात दोन्ही दांड्या स्वतःच्या खांद्यावर घेऊन? मी पेन काढलं. वाद घालत बसण्याचं हे पद नव्हे.

फोटो काढला, फॉर्म भरला. वय: अंदाजे नऊ. डोळ्यांवरून ठरवलं.

नाव विचारलं तर म्हणाला, गोलोसा. म्हणजे खादाड. जनावराची केवढी ही चेष्टा. मी फाइलवर आउरोरा केलं.

अडचण एकच आली. कायद्यात जप्त जनावर निवाऱ्यात ठेवायचं असं लिहिलंय आणि आपला निवारा अजून प्रस्तावित आहे. मेलीदाबाई म्हणाल्या, कत्तलखान्याचं आवार रिकामं आहे. ते मला प्रशस्त वाटेना. घोडी आमच्या परसात आणली. रुबिएलाची धुण्याची दोरी काढावी लागली. ती काही बोलली नाही. ती काही बोलत नाही तेव्हा मला जास्त थकवा येतो.

दोन दिवसांचा प्रश्न आहे, असं तिला सांगितलंय.

मंगळवार, १३ फेब्रुवारी

सकाळी सहाला फाटकावर आरोपी. हातात झाकलेली बादली. म्हणे तिचं आंबोण आणलंय, ती सुकं खात नाही. त्याला सांगितलं की आहार हे आता शास्त्र आहे आणि शास्त्र माझ्याकडे आहे. ऑफिसला जाऊन पहिलं काम केलं ते मनाई हुकमाचं: सुनावणी होईपर्यंत मालकाने जनावराच्या जवळ येऊ नये. मसुदा स्वतः लिहिला. भाषा चांगली उतरलीय.

घोडीसाठी उत्तम प्रतीचं सुकं गवत आणि अख्खा मका मागवला. तिने हुंगलं आणि मान फिरवली. संकोच असेल. इतकी वर्षं कोणी विचारलं नसणार तिला.

शुक्रवार, १६ फेब्रुवारी

आउरोरा रुळतेय. गवत तोंडात घेते, बराच वेळ घोळवते आणि त्याचे ओले गोळे करून खाली टाकते. दिवसभर तोच खेळ. परसात गोळेच गोळे. रुबिएलाला म्हटलं, बघ, मुक्त झाल्यावर जनावर कसं खेळकर होतं. ती म्हणाली, "ती खेळत नाहीये. तिला गिळता येत नाहीये." मी हसलो. रुबिएला शिवणकाम करते; तिला घोड्यांचं काय कळणार.

इबागेच्या पशुवैद्यांना पत्र पाठवलं होतं. उत्तर आलं: डॉ. यामिले ६ मार्चला येतील. त्याआधी त्यांना जिल्ह्यातली बत्तीस गावं करायची आहेत.

दोन दिवसांचा प्रश्न थोडा लांबला.

सोमवार, १९ फेब्रुवारी

लीद. या विषयावर कायद्यात एक शब्द नाही.

पहाटे पाचला उठून परस झाडायचा आणि घोडीला खरारा करायचा असं ठरवलं होतं. उठलो सात वाजता. परस झाडलेला होता. घोडीची आयाळही विंचरलेली दिसली. जनावरं स्वतःची निगा स्वतः राखतात हे कुठेतरी वाचलं होतं, ते खरं असावं.

गावच्या रेडिओवर मुलाखत झाली. संवेदनशील जीवाचं वाक्य म्हटलं. निवेदकाने विचारलं, घोडी आता कशी आहे? म्हटलं, कात टाकतेय. पुढे त्याने विचारलं, तिला काय खायला देता? म्हटलं, तो तांत्रिक भाग आहे.

खरं तर जरा उतरलीय. पण ती नको असलेली चरबी असणार.

गुरुवार, २२ फेब्रुवारी. सकाळी ९

घोडी खाली बसलीय. उठत नाही.

सकाळी पाहिलं तर भिंतीला टेकून बसलेली, मान जमिनीवर. डोळे उघडे. मी नाव घेऊन हाक मारली. आउरोरा. कान हलला नाही. शेजारचे दोघे आले, पोटाखालून चादर घालून उचलायचा प्रयत्न केला. गुडघ्यांवर आली आणि पुन्हा बसली. शेजाऱ्याने माझ्याकडे पाहिलं आणि चादर माझ्या हातात दिली.

रुबिएला म्हणाली, "तापिएरोंना बोलवा." म्हटलं, मनाई हुकूम आहे. ती म्हणाली, "हुकूम तुमच्याच सहीचा आहे ना? मग तुम्हीच फाडा." म्हटलं, हुकूम असा फाडता येत नाही, त्याची प्रत नोंदवहीत गेलेली असते. ती म्हणाली, "तुम्हाला कायदा वाचता येतो, घोडी वाचता येत नाही."

साडेनऊला जत्रेच्या परवान्यांची मीटिंग. जावं लागेल. तोंडाला चव नाही.

त्याच दिवशी. दुपारी २

मीटिंगमध्ये लक्ष लागलं नाही. कोणीतरी लिंबू सरबताच्या गाडीबद्दल बोलत होतं आणि मला तो न हललेला कान दिसत होता.

घरी आलो तर घोडी उभी. पाय थरथरत होते, पण उभी. सकाळी मी ज्या ठामपणे हाक मारली होती, तिचा परिणाम उशिरा का होईना झाला.

परसात गुळाचा वास येत होता. धुण्याच्या दगडापाशी एक बादली होती, आमची नव्हे. रुबिएलाच्या कोपरापर्यंत कोंडा लागलेला. म्हटलं, आज मक्याच्या आरेपा करतेस का? ती म्हणाली, "हो. आरेपा."

आरेपा काही झाल्या नाहीत. विचारलं नाही.

सोमवार, २६ फेब्रुवारी

सुधारणा लक्षणीय. डोळ्यांत तेज. मी परसात गेलो की माझ्या पलीकडे फाटकाकडे बघते, म्हणजे परिसराचं भान आलंय. मेलीदाबाईंना अहवाल दिला: "ताब्यातील आहारपद्धती यशस्वी." त्यांनी न वाचता सही केली. वरिष्ठांचा विश्वास म्हणतात तो हा.

मक्याचं पोतं मात्र तसंच भरलेलं आहे. कमी खाऊन जास्त वजन. ही पद्धत इतर गावांनाही कळवायला हवी.

कंबर दुखते. एकदाच लीद उचलली, तीही गुरुवारी. सोमवारपासून नियमित उचलीन म्हटलं होतं. आज सोमवार आहे, पण सुरुवात एक तारखेपासून केलेली बरी.

गुरुवार, १ मार्च

ऑफिसचा शिक्का घरी राहिला होता. सकाळी सव्वादहाला परत आलो.

परसात पालथ्या खोक्यावर एलादिओ तापिएरो बसला होता. बाही वर, बादलीत हात. कोंडा, बारीक चिरलेलं ओलं गवत, उकडून कुस्करलेली कच्ची केळी, वर गूळपाणी. तो मूठभर घ्यायचा, बोटांनी दाबून मऊ करायचा आणि तळहातावर पुढे धरायचा. घोडी ओठांनी उचलायची. एकही गोळा खाली पडत नव्हता. रुबिएला पायरीवर बसून कॉफी पीत होती. कोणीच दचकलं नाही. मीच दचकलो.

मनाई हुकमाचा सरळ भंग. फॉर्म काढला. रुबिएला म्हणाली, "माझंही नाव लिहा. फाटक मी उघडलं. रोज उघडते, बावीस तारखेपासून." फॉर्मवर आरोपीच्या नावाला एकच ओळ होती.

तापिएरो उठून उभा राहिला, टोपी काढली. म्हणाला, "लिहा ना डॉक्टर, तुमचं काम आहे ते. फक्त एवढं संपू द्या. अर्धवट सोडलं की तिच्या पोटात कळ येते."

म्हणून थांबलो. सगळं आंबोण संपायला चाळीस मिनिटं लागली.  एकदा घोडीने डोकं त्याच्या छातीवर टेकवलं तेव्हा फक्त म्हणाला, "आटप गं खादाडे, साहेबांना उशीर होतोय."

फॉर्म भरला नाही. कार्बन पेपर नव्हता. शिवाय सुनावणीपूर्वी आरोपीला बेसावध ठेवण्यात डावपेच आहे.

फाटकाला कुलूप लावायला हवं होतं. ते लावलं नाही. कुलूप गंजलंय.

सोमवार, ५ मार्च

उद्या पशुवैद्य, शुक्रवारी सुनावणी. भाषण तयार. टायला इस्त्री केली. स्वतःच, कारण रुबिएला म्हणाली की तिला परस झाडायचाय.

ठरवलंय: बादलीचा विषय आपण होऊन काढायचा नाही. कोणी विचारलं तर "सामाजिक सहभाग" म्हणायचं.

मंगळवार, ६ मार्च

डॉ. यामिले आल्या. ही खरी डॉक्टर. वय तिशीचं, गुडघ्यापर्यंत चिखलाचे बूट, माझ्याशी हात मिळवायच्या आधी घोडीच्या मानेवर हात.

फॉर्म पाहिला. विचारलं, नऊ कसं काढलं? म्हटलं, नजरेवरून. त्यांनी घोडीची जीभ हलकेच बाजूला घेतली आणि मला म्हणाल्या, "या, आत बघा."

बघायचं नव्हतं. बघितलं. दाढा जवळजवळ नव्हत्याच. एका बाजूला दोन, झिजून हिरड्यांना लागलेल्या. समोरचे दात लांब, पुढे आलेले.

"तीसच्या आसपास," त्या म्हणाल्या. "एवढं जगलेली घोडी मी अजून पाहिली नव्हती. हिला सुकं गवत आणि अख्खा मका कोणी घातला?"

म्हटलं, विभागाने.

"विभाग म्हणजे कोण?"

आमच्या विभागात मी एकटाच आहे. तसं सांगितलं.

त्यांनी लिहून घेतलं. मग विचारलं, असं असूनही ही उभी कशी? त्यावर रुबिएला आत गेली, बादली घेऊन आली आणि त्यांच्यापुढे ठेवली. सामाजिक सहभाग हा शब्द वापरायची वेळ आली नाही.

दुपारी जेवलो नाही. रुबिएलाने ताट झाकून ठेवलं होतं. ती म्हणाली, "चावता येतंय ना तुम्हाला? मग जेवा."

शुक्रवार, ९ मार्च

सुनावणी. टाय घातला होता. भाषणाची संधी मिळाली नाही.

सुनावणी अधिकाऱ्यांनी आधी तापिएरोला बोलायला सांगितलं. तो म्हणाला की घोडी त्याच्याकडे आली त्याच वर्षी त्याला मुलगी झाली. मुलगी आता इबागेला शिक्षिका आहे, तिलाही मुलं झाली. घोडीने तेवीस वर्षं गाडा ओढला. सहा वर्षांपूर्वी नदीच्या चढावर ती एकदा अडखळली, त्या दिवशी त्याने तिचा साज काढला तो पुन्हा चढवला नाही. तेव्हापासून गाडा तोच ओढतो.

अधिकाऱ्यांनी विचारलं, मग तिला उन्हात सोबत कशाला नेता?

तो म्हणाला, "घरी एकटी ठेवली की ओरडत बसते साहेब. तिला वाटतं मी तिच्याशिवाय कामाला गेलो म्हणजे ती कामाची राहिली नाही. मागून चालली की तिला वाटतं, दोघं मिळून ओढतोय."

 मी क्लिपबोर्डकडे पाहत होतो.

मग डॉ. यामिलेंचा अहवाल वाचला गेला. जप्तीच्या दिवशी घेतलेल्या फोटोवरून: वयाच्या मानाने प्रकृती उत्तम. ताब्यातल्या पहिल्या दहा दिवसांनंतर: उपासमार. त्यापुढे: सुधारणा, श्रेय मालक व श्रीमती रुबिएला बार्रागान यांचं.

उपासमार. माझ्या फाइलमध्ये हा शब्द. घोडीने तोंडातून गोळे टाकले ते दहा दिवस आठवले. मी त्याला खेळ म्हणालो होतो. रेडिओवरही तसं म्हणालो का, आठवत नाही.

निर्णय: घोडी आजच्या आज परत. आणि कलमानुसार ज्याच्या ताब्यात जनावर असतं, निगेची जबाबदारी त्याची; सबब संबंधित अधिकाऱ्याने वीस तासांचं प्राणी निगा प्रशिक्षण पूर्ण करावं. हे कलम पहिल्या दिवशी ‘उद्या’ म्हणून ठेवलेल्या पानांवर आहे. आज वाचलं. लहानच आहे, दीड मिनिट लागलं.

प्रशिक्षणासाठी गावातून माझ्या एकट्याची निवड झाली, असं मेलीदाबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, "निवड नाही म्हणत त्याला."

दुपारी घोडी गेली. फाटकातून बाहेर पडल्यावर वळून पाहील असं वाटलं होतं. पाहिलं नाही. तापिएरो पुढे, ती मागे. दोरी लावली नव्हती.

मंगळवार, १३ मार्च

प्रशिक्षणाचा वर्गातला भाग संपला. चार तास, डॉ. यामिले आणि मी. परीक्षेत पैकीच्या पैकी. मी पाठांतरात आधीपासून चांगला.

प्रात्यक्षिक सोळा तासांचं. कुठे करायचं विचारलं. त्या म्हणाल्या, तापिएरोंकडे, त्यांच्याइतकं या भागात कोणाला येत नाही. त्यांची सही आणलीत की पूर्ण झालं. मी दुसरं एखादं ठिकाण सुचवलं. त्या म्हणाल्या, "दुसरं कशाला?"

पहाटे चारचा गजर लावला. थकलोय.

शनिवार, १७ मार्च

पहाटे पाच ते नऊ, तापिएरोंकडे. शेवटचे चार तास. चारही दिवस वेळेवर गेलो, हे इथे लिहून ठेवतो कारण दुसरीकडे कुठे लिहिलं जाणार नाही.

आज आंबोण पूर्ण मी केलं. पहिलं कोरडं झालं. दुसरं पातळ. तिसऱ्यांदा एलादिओ म्हणाले, "हं, आता हाताला कळतंय तुमच्या." तळहातावर घेऊन पुढे धरलं. घोडीने हुंगलं. मान फिरवली. तसाच उभा राहिलो. बादलीतलं वरचं वर सुकायला लागलं, पुन्हा गूळपाणी शिंपडलं, पुन्हा हात पुढे. हात भरून आला. तिने डोळे मिटून घेतले.

शेवटी एलादिओंनी माझ्या तळहातावरचं तेच आंबोण उचलून आपल्या तळहातावर ठेवलं. ती लगेच खायला लागली.

ते म्हणाले, "मनावर घेऊ नका डॉक्टर. दाणा तोच आहे, हात नवा आहे."

सोळा तास भरले होते. प्रमाणपत्र पुढे केलं आणि पेन दिलं. त्यांनी चष्मा लावून सगळं वाचलं, हळूहळू, बोट ओळीखाली धरून. "सदर व्यक्तीच्या हाती जनावर सोपवण्यास हरकत नाही." तिथे बोट थांबलं. 

मग त्यांनी पेनाला टोपण लावलं आणि परत दिलं. म्हणाले, "खोटं कसं लिहू? आज नाही. उद्या पाचला या."

म्हटलं, उद्या रविवार आहे.

म्हणाले, "ती रविवारीही जेवते."

त्यांचं बरोबर आहे. उद्या जातो.